उन्हाचा माणूस

३ ऑगस्ट, ताकामात्सु

ऑफिसातून पुढच्या एप्रिलच्या बदलीचा फॉर्म आला. दोन चौकटी: 'सध्याच्याच ठिकाणी' आणि 'घराजवळ परत'. मुदत १५ सप्टेंबर. गेली तीन वर्षं मी इथं एका खोलीत एकटा राहतो. बायको चिझुरु आणि मुलगी कोतोने मात्सुमोतोला, आमच्या घरी. मुलांची शाळा मोडू नये म्हणून कंपनीतले निम्मे बाप असेच राहतात. त्यांची घरी कुणाला आठवण येत असेल असं मला वाटत नाही. माझी गोष्ट वेगळी. चिझुरु फोनवर फार बोलत नाही, म्हणजे गळा दाटून येत असणार.

'घराजवळ परत' वर खूण आजच केली असती. पण अशी बातमी तोंडावर द्यायची असते, चेहरे बघत. सुट्टीत देईन. डोंगरावर देईन.

४ ऑगस्ट

ठरलं. अकरा तारखेला, डोंगर दिनाच्या सुट्टीला, शिराकुराचं स्की मैदान. उन्हाळ्यात तिथं बर्फ नसतो. गोंडोलातून, म्हणजे तारेवरच्या डब्यातून, वर जायचं, उतारावरची लिलीची फुलं बघायची, वरच्या सज्जातून ढगांचा समुद्र बघायचा. तरुणपणी माझे सगळे हिवाळे तिथं गेले. पांढरा स्की सूट, निळा गॉगल. मुली वळून बघायच्या. 'कडा' नावाचा सगळ्यात अवघड उतार मी सात मिनिटांत उतरायचो. त्या डोंगराची मला खडान्‌खडा माहिती आहे.

चिझुरुला फोन केला. ठीक आहे म्हणाली. कोतोनेला विचारते म्हणाली. त्यात विचारायचं काय?

७ ऑगस्ट

मेहुण्याचा बंदोबस्त केला. तात्सुहिको, चिझुरुचा धाकटा भाऊ. आमच्या घरापासून दोन गल्ल्यांवर राहतो, सफरचंदाची बाग बघतो, आणि पावसाचा माणूस आहे. काही लोक असतातच असे. घराबाहेर पडले की आभाळ भरून येतं. आमच्या लग्नात पाऊस: तो हजर. कोतोने महिन्याची झाल्यावर तिला देवळात नेलं, पाऊस: छत्री त्यानंच धरली होती. शाळेचा पहिला दिवस, माझ्या वडिलांचं वर्षश्राद्ध, समुद्रावरची ती भयंकर सहल. सगळीकडे पाऊस, आणि प्रत्येक फोटोत माझ्या शेजारी त्याचं ते दात काढलेलं तोंड. आणखी काय पुरावा हवा?

फोन करून स्पष्ट सांगितलं की यावेळी तू येऊ नकोस. मी उन्हाचा माणूस आहे, माझ्या उन्हावर तुझं पाणी नको. तो हसला. बरं दाजी, म्हणाला. मग म्हणाला की डोंगराच्या अर्ध्यावरच्या स्की-लिफ्टच्या शेडपर्यंत गाडी येते, काही लागलं तर फोन करा. मला त्या डोंगरावरचा रस्ता सांगतो!

जाता जाता: ताकामात्सुत पाण्याची बोंब असते असं ऐकून मी इथं आलो होतो. तीन वर्षांत पाच छत्र्या हरवल्या. लोक वाट्टेल ते बोलतात.

१० ऑगस्ट, मात्सुमोतो

घरी. स्वागत बेताचं, पण मनातून जोरात. कोतोने आता चौदाची झाली, ओठ उघडले तर कर बसेल अशी वागते. पण खिडकीत बघतो तर कापडाच्या पांढऱ्या बाहुल्या टांगलेल्या. दुसऱ्या दिवशी ऊन पडावं म्हणून मुलं एखादी टांगतात. हिनं अकरा टांगल्यात. बापाबरोबर जायची एवढी हौस! डोळे भरून आले.

चिझुरु पिशवी भरत होती. माणशी दोन टॉवेल, सुके मोजे, कपड्यांचा एकेक जोड. टीव्हीवर उद्या दिवसभर कडक ऊन सांगितलंय, हे मी तिला दाखवलं. तिनं टीव्हीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी एक टॉवेल भरला. ती झोपायला गेल्यावर मी चार काढून ठेवले. घरात कुणीतरी डोकं ठिकाणावर ठेवायला हवं.

चपलांच्या कपाटातून माझे डोंगरी बूट काढले. तीन वर्षं पाय लागला नाही, नव्यासारखे आहेत.

११ ऑगस्ट, सकाळी ८:५०

गाडीतळ. आभाळ निरभ्र. बोटानं दाखवलं की बघा. चिझुरु म्हणाली, अजून वर कुठं पोचलोय. काही माणसांना सुख बघवत नाही.

१०:२०

रांग. अख्खा देश इथं लोटलाय. आमच्या डब्यात एक बाई, आणि बाबागाडीत बसलेलं तिचं कुत्रं. कुत्र्याला उन्हाचा चष्मा. मी 'कडा' उताराची गोष्ट सांगितली. कोतोने कानात काहीतरी घालून बसली होती, चिझुरु बाहेर बघत होती. ऐकलं फक्त कुत्र्यानं, तेही तुच्छतेनं.

११:१०

वर पोचलो. ढगांचा समुद्र बघायला आलो आणि त्यात बुडालो. चार हातांवरची बायको दिसेना. सज्जावरच्या पोरीला जाब विचारला. ती म्हणाली, आठवडाभर लख्ख होतं, आत्ता अर्ध्या तासापूर्वीपर्यंतसुद्धा. म्हणजे अर्ध्या तासात जे वर आले त्यांच्यापैकी कुणीतरी. शेजारी ती कुत्रेवाली उभी होती. उलगडा झाला.

१२:१५

करी-भात, गार. कोतोनेनं टोपी डोक्यावर ओढून सॉफ्ट आइस्क्रीम खाल्लं आणि गोंडोलानं परत जाऊ म्हणाली. गोंडोलानं म्हातारे जातात. 'कडा' उतारानं पायी उतरायचं असं मी जाहीर केलं. स्कीवर सात मिनिटं, पायी चाळीस धरू. चिझुरुनं हळू आवाजात दोनदा नको म्हटलं. अस्वलाची पाटी दाखवली. पाट्या भित्र्यांसाठी असतात. अर्ध्यावर, ढगांखाली, सगळी दरी दिसते. तिथं बातमी देणार.

३:०५

लिफ्टच्या शेडमध्ये. वही ओली. तपशील लिहून ठेवतो, उद्या कुणी काहीही सांगेल. एक: बर्फाखाली एवढं गवत असतं हे कुठल्याही स्कीवाल्याला कळणं शक्य नाही. छातीपर्यंत. दोन: एक वाजता गडगडाट, गोंडोला बंद. म्हणजे गोंडोलाच्या भरवशावर बसलो असतो तर अडकलोच असतो. माझंच बरोबर. तीन: उजव्या बुटाचा तळ दीड वाजता सुटला, डाव्याचा दहा मिनिटांनी. दोन्ही सोललेल्या सालीसारखे गवतात राहिले. कपाटात नुसते ठेवले की तळ कुजतो म्हणे. हे चिझुरुला माहीत होतं, तिनं काल सांगितलंही होतं म्हणे. मला आठवत नाही. सध्या पायांना टॉवेल बांधलेत. मी काढलेले चारही टॉवेल तिनं पुन्हा भरले होते. हा शुद्ध अविश्वास.

दरी दिसत नव्हती, पण बातमी आणखी किती धरून ठेवणार? पत्र्यावर पाऊस कोसळत होता, त्यामुळे ओरडून द्यावी लागली. मी घरी परत येतोय, एप्रिलपासून.

कोतोनेनं कानातले इअरफोन काढले. "परत म्हणजे कायमचे?"

कायमचा, मी म्हणालो. तिनं आईकडे पाहिलं. चिझुरु बराच वेळ ओले मोजे पिळत होती.

"अहो, घाई काय आहे? तुमचं तिकडे बस्तान बसलंय," ती म्हणाली. "आणि इकडे आमचंही बसलंय."

आनंदाचा धक्का. काही माणसांना पटकन पेलत नाही.

४:२०

तात्सुहिको आला. कोतोनेनं परस्पर त्याला फोन केला, मला न विचारता. त्याची गाडी शेडपाशी वळली आणि आभाळ फाटून ऊन पडलं, सगळी दरी दिसायला लागली. माझ्या सीटवर त्यानं आधीच प्लास्टिक अंथरलं होतं. दाजी, पाय वर घ्या, म्हणाला. मी त्याला सांगितलं की तू निघालास म्हणूनच दुपारपासून पाऊस लागला. तो नेहमीसारखा हसला, पण कोतोने हसली नाही.

"बाबा, मामा आला की पाऊस थांबतो. आम्ही बघितलंय."

कुठं बघितलंय, कधी बघितलंय, मी विचारलं.

"तीन वर्षं," ती म्हणाली.

कुणी पोरीला शिकवून ठेवलंय ते मला कळत नाही असं समजू नये.

१३ ऑगस्ट

वडिलांच्या थडग्यापाशी पितरांच्या सणाचा दिवा लावायला गेलो. पाऊस. दिवा तीनदा विझला. तात्सुहिको बरोबर नव्हता. विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बहुधा तो घरून निघाला असावा.

परत आलो तर फ्रिजवर फोटो. आधी लक्ष गेलं नव्हतं. नदीकाठ, सफरचंदाची बाग, चेरीचा बहर, आणि शिराकुराचा तोच सज्जा, खाली ढगांचा समुद्र, वर निळं आभाळ. म्हणजे ह्यांनी तो आधीच बघितला होता. प्रत्येक फोटोत चिझुरु डोळे बारीक करून हसतेय. माझ्याबरोबरच्या फोटोंत ती छत्रीखाली असते, त्यामुळे ती उन्हात कशी दिसते हे मला नीट माहीत नव्हतं. छान दिसते. राग आला.

तिला विचारलं की हे काय. ती भांडी पुसत होती.

"तुमच्यावर कुणाचा राग नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही आलात की आम्ही सगळे आभाळाकडेच बघत बसतो."

फोटो काढायला ऊन लागतंच. पावसातले फोटो कोण काढतं? ह्यात काही सिद्ध होत नाही. उद्या निघतो. कामं पडलीत.

३० ऑगस्ट, ताकामात्सु

फॉर्म अजून कोरा. त्यांना विचार करायला वेळ देतोय. कुठलीही बायको आधी नको म्हणते. फोन नाही. माझी वाट बघण्याची त्यांची ही पद्धत असावी.

११ सप्टेंबर, सकाळी ७:१०

कोतोनेचा मेसेज! स्वतःहून, तीन वर्षांत पहिला. "बाबा, २० तारखेला शाळेचा क्रीडादिन. रिलेमध्ये शेवटचा टप्पा मी धावणार आहे." मी काय सांगत होतो? पोरगी आहे कुणाची! तिकीट काढलं. फॉर्म काढला. 'घराजवळ परत', शाईनं, ठसठशीत. शिक्काही मारला.

७:४०

आणखी एक. "म्हणून आधीच सांगते, प्लीज येऊ नका. ह्या वेळी ऊन पाहिजे. व्हिडिओ मामा काढेल."

९:०५, ऑफिस

बदल्यांचं काम बघणाऱ्या हिरोसेबाईंकडे दुसरा फॉर्म मागितला. पहिल्याचं काय झालं, त्यांनी विचारलं. पाणी सांडलं, म्हणालो. त्यांच्या टेबलाशीच उभा राहून 'सध्याच्याच ठिकाणी' वर खूण करून दिली. इथं माझ्यावाचून कामं अडतात.

कोतोनेला उत्तर पाठवलं की त्या दिवशी मला नाहीतरी ऑफिसात मीटिंग आहे, तू जोरात पळ. २० तारखेला रविवार आहे हे पाठवल्यावर लक्षात आलं.