टोपलीसमोरचं बटण

आये,

आज मतदान झालं. सकाळी सातलाच जाऊन आले, कारण नंतर आमच्या खानावळीत गिऱ्हाईकं सुरू होतात, आणि सुट्टी मिळाली की मुरुडला येणाऱ्या मुंबईकरांना मतापेक्षा सुरमईची घाई असते. आता मशीनशेजारी एक काचेची पेटी असते. बटण दाबलं की आत चिठ्ठी दिसते, आपण दिलं त्या चिन्हाची, सात सेकंद. मी ते सात सेकंद तिकडे मान वर केली नाही. तुझ्या वेळी ही पेटी नव्हती. असती तरी तुला काय दिसलं असतं म्हणा, डोळ्यांत मोतीबिंदू पिकून पांढरा झाला होता. आजच लिहायला बसले, कारण उद्या मला हे लिहावंसं वाटणार नाही.

आपल्या घरात मतदानाची तयारी चुलीपाशी व्हायची. तुला अक्षर येत नव्हतं, म्हणून बाबा आदल्या दिवशी कोळशाने भिंतीवर चौकोन काढायचे आणि एका चौकोनावर बोट आपटायचे. "वरून तिसरं. बाकी कुठं बघायचं न्हाय." तू तव्यावरची भाकरी उलटत "व्हय" म्हणायचीस. पुढच्या खेपेला तिसऱ्याचं पाचवं व्हायचं, तुझं "व्हय" तेच. बाबा पार्टीचे पोलिंग एजंट होते. शाळेच्या खोलीत यादी मांडीवर घेऊन बसायचे आणि आलेला माणूस खरा की खोटा ते सांगायचे. गावात पार्ट्या दोन. या पार्टीचा माणूस त्या पार्टीच्या लग्नाला जाणार नाही, मयताला खांदा देणार नाही, गणपतीची आरतीसुद्धा वेगळी. आणि मी लग्न केलं ते डोंगरापलीकडच्या गावात, दुसऱ्या पार्टीच्या घरात. जात तीच, भातशेती तेवढीच, देवही तोच. चिन्ह तेवढं वेगळं. बाबांनी मला घरात यायचं नाही असं सांगितलं, आणि तू तेव्हाही तव्याकडेच बघत होतीस.

सव्वा वर्ष मी तुझं तोंड बघितलं नव्हतं. मग निवडणूक आली. माझं नाव अजून आपल्याच गावच्या यादीत होतं, तुझ्या नावाच्या खाली. मी हिशेब केला, घरातून बाबा हाकलतील, पण शाळा काही त्यांच्या बापाची नाही. बायकांच्या रांगेत तुझ्यामागे उभी राहीन, दहा मिनिटं तरी मिळतील. मताचं मला काय पडलं होतं? मी तुझ्यासाठी आले होते. आणि तू होतीस रांगेत, हिरव्या लुगड्यात. मी मागून "आये" म्हटलं. तुझी मान जराशी वळली आणि परत पुढे गेली. मला वाटलं, लोकांसमोर लाजते आहेस.

खोलीत तू पुढे, मी मागे. माझं नाव पुकारल्यावर बाबा उठले. त्यांनी खिशातून दोन रुपये काढून केंद्राध्यक्षांच्या टेबलावर ठेवले. आक्षेप घ्यायची तेवढी फी असते, ते मला तेव्हा कळलं. म्हणाले, "यादीतली पोर माझी. ही ती न्हाय." तो साहेब म्हणजे कुठल्यातरी बाहेरगावचा मास्तर, घामाघूम झालेला. माझ्याकडे कागद काहीच नव्हता. ओळखपत्रं तेव्हा गावात कोणाकडेच नव्हती, आणि आपल्याच गावात ओळख दाखवावी लागेल हे कोणाच्या स्वप्नात येईल? त्याने विचारलं, हिला कोणी ओळखतं का? खोलीत सगळी आपल्याच पार्टीची माणसं. लहानपणी ज्यांच्या परसात मी चिंचा पाडल्या ती माणसं जमिनीकडे बघायला लागली. मग त्याने तुला विचारलं. शिक्का मारून झाला होता तुझा, चिठ्ठी पेटीत टाकून तू दाराकडे निघाली होतीस. "मावशी, ही तुमची मुलगी का?"

तू पदर ओढून घेतलास. "न्हाय. मी न्हाय वळखत हिला."

आये, तू जन्मात कोणाला नाही म्हटलं नव्हतंस. दारात आलेल्या मासळीवालीला नाही, मागायला आलेल्याला नाही, बाबांना तर नाहीच नाही. तुझा एकुलता एक नकार माझ्या वाट्याला आला. बाबांना दोन रुपये परत मिळाले, कारण त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मला पोलीस शिपायाशेजारी शाळेच्या ओट्यावर बसवलं, खोटी मतदार म्हणून. पोरं येऊन बघून जात होती. तू समोरून गेलीस, बोटाची शाई लुगड्याला लागू नये म्हणून हात लांब धरून. मला तू लुगड्याला जपलंस याचाच राग जास्त आला. संध्याकाळी नवरा रेशनकार्ड घेऊन आला तेव्हा सोडलं.

मग बारा वर्षं गेली. बाबा गेले ते मला तिसऱ्या दिवशी कळलं. आणि एक दिवस भावाचा फोन आला पनवेलहून. म्हणाला, मला कंपनीत रजा नाही, आयेला दिसत नाही, पण मतदानाला जायचंच म्हणून हट्ट धरून बसली आहे, आणि तूच पाहिजेस म्हणते. मी एसटीने आले. वाटेत मनात एकच, आज ही बोलेल. माफी नको, नुसतं त्या दिवसाचं नाव काढलं तरी पुरे. तू काय बोललीस? तांदळात या साली कणी फार निघाली. शेजारणीची म्हैस आटली. माझ्या हाताला धरून शाळेपर्यंत चाललीस आणि रस्ताभर म्हैस.

त्याच खोलीत गेलो. टेबलामागे एक तरुण बाई होती. आंधळ्या मतदाराबरोबर सोबती जाऊ शकतो, पण त्याला गुप्तता राखीन म्हणून कागदावर सही करावी लागते, असं तिने सांगितलं आणि विचारलं, "या कोण लागतात तुमच्या?"

"माझी लेक हाय," तू म्हणालीस. पटकन, हसून. मीठ मागावं तसं.

तिथेच माझं डोकं फिरलं. इतकं सोपं होतं का ते? बारा वर्षं ज्या शब्दासाठी मी जळले, तो तुझ्या जिभेवर असा पडून होता? बाबा मेले म्हणून फुकट झाला? मी सही केली. सोबती म्हणून माझ्या उजव्या हाताच्या बोटाला शाई लावली. पुठ्ठ्याच्या आडोशाला गेल्यावर तू माझ्या कानाशी आलीस. मला वाटलं, आता सांगशील, वरून कितवं ते. तू म्हणालीस, "टोपली. ती बाई उभी हाय ना, एकटीच, बिनपार्टीची, तिची. ती घरी आली व्हती. माझ्याशी बोलली, माझ्याशी. एकदा मला माझ्या मनानं टाकू दे."

मी तुझं बोट धरलं. टोपली खालून दुसरी होती. मी तुझं बोट बाबांच्या चिन्हासमोरच्या बटणावर ठेवलं, त्यांच्या पार्टीवर, ज्यांच्यापायी मी ओट्यावर बसले होते त्यांच्यावर, आणि दाबलं. लाल दिवा लागला, शिट्टी वाजली. "झालं?" तू विचारलंस. "झालं, आये." बाहेर येऊन तू बायकांना सांगत होतीस, आज मी माझ्या मनानं मत दिलं, टोपलीला. तुझा चेहरा असा कधी बघितला नव्हता मी, माझ्या बारशाला होता की नाही कोण जाणे.

निकालानंतर आठ महिन्यांनी तू गेलीस. दिवसांना मी आले होते तेव्हा म्हैसवाल्या शेजारणीने मला बाजूला घेतलं. कुठल्या शाळेत कोणाला किती पडली ते आता समजतं, आणि पार्टीची पोरं आपल्या घराच्या ओट्यावर येऊन तुला हसली होती म्हणे. "म्हातारे, टोपलीला आपल्या शाळेत एक पन मत न्हाय." तू म्हणालीस, "पोरीनं बोट बरोबर ठेवलं व्हतं. माझाच हात कापतो, मीच सरकवलं." त्यानंतर माझे चार फोन झाले तुझ्याशी. तू मला कणीचं सांगितलंस, पावसाचं सांगितलंस, हे नाही. म्हणजे तुला कळलं होतं, आणि तू गावासमोर मला पाठीशी घातलंस.

गुप्ततेची सही केली होती ती मी आजपर्यंत पाळली, नवऱ्यालाही सांगितलं नाही. मला पश्चात्ताप झाला असं लिहायला घेतलं होतं या कागदावर. दोनदा लिहून खोडलं. खरं सांगते, तुझं बोट दाबताना मला फार बरं वाटलं होतं. शेजारणीने ते सांगितल्यावरही ते बरं वाटणं सगळं गेलं नाही, आये. थोडं आहे अजून.