यादीतून गाळलेला शब्द

मंगळवार, दिवेलागण

आज क्लासमध्ये सरांनी 'पोर्ट' हा मूळ शब्द शिकवला. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वाहून नेणं. एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट, सपोर्ट, सगळे त्यातूनच आलेले. घरी मोठ्यानं पाठ करत होते, तेवढ्यात अण्णा मार्केट यार्डातून आले. दिवसभर कांद्याची पोती वाहून खांद्यावरचं फडकं ओलंचिंब.

"सपोर्ट म्हंजी?" त्यांनी विचारलं.

"खालून धरून वाहणं."

"बरोबर हाय की. भरलेलं पोतं एकट्याला पाठीवर घेता येत न्हाय, खालनं कुणीतरी हात लावाय लागतो. ह्यो शब्द करणारा हमालच असंल."

मी हसले. पण यादीतला एक शब्द त्यांच्यासमोर गाळला. पोर्टर. म्हणजे हमाल. का गाळला? माझे वडील कांद्याचे व्यापारी आहेत असं क्लासमध्ये सांगून ठेवलंय, म्हणून? रोज पहाटे चहा करून ते मला अभ्यासाला उठवतात, मगच यार्डात जातात. माझ्या पोत्याला खालून हात त्यांचाच.

अण्णा अजून ओट्यावर बसलेत. जाऊन सांगते, एक शब्द राहिलाय म्हणून. आधी त्यांना हा शब्द, मग उद्या क्लासमध्ये खरं काय ते.