ओटमारदादाच्या विमानाची शेपटी

बोस्कोवित्से, बुधवार

प्रिय ब्लांकावहिनी,
धाकट्या दिराचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? यंदाचा आलुबुखाऱ्याचा मुरंबा नीट आळला ना? आमच्याकडे सगळे ठीक (म्हणजे तुमची जाऊबाई यार्मिला ठीक, माझं विचारू नका). हे पत्र दादाच्या हाती पडू देऊ नका. तो खिडकीशी बसला असेल तर कोंबड्यांना दाणे टाकायच्या निमित्ताने बाहेर जाऊन वाचा.

तुम्हाला ठाऊकच आहे, आजारपणानंतर दादाचा हात थरथरतो, म्हणून त्याच्या दुपंखी मॉडेल विमानाचं शेपूट जोडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पंख झाले, धड झालं, शेपटीच्या फासळ्यासुद्धा त्याने आजारी पडण्याआधीच कापून त्यांवर पेन्सिलीने नंबर घातले होते. "नुसतं चिकटवायचंय, लुब्या, शेंबडं पोरही करेल," म्हणाला. या रविवारी कुरणावर मॉडेलवाल्यांच्या क्लबचं यंदाचं शेवटचं उड्डाण आहे. "पुढच्या वर्षाचं माझं काही धरू नकोस," हेही तो म्हणाला.

आता गंमत अशी, की नकाशात शेपटीचा डावा अर्धाच काढलेला. उजवा कुठे? क्लबातले जुने लोक सांगतात, कागदाला तेल चोळा, पारदर्शक होतो, मग उलटा करून त्यावर उजवा जोडा. घरात तेल नव्हतं, म्हणून मी हंसाची चरबी चोळली (यार्मिलाने डंपलिंगसाठी ठेवलेली, त्यावर वेगळं महाभारत झालं). कागद पारदर्शक झाला खरा, पण मी तो उलटा केला की नाही हे मलाच आठवेना, आणि फासळ्या बसवायच्या दोन्ही चौकटी शेवटी डाव्याच झाल्या. मी डोकं धरून बसलो. यार्मिला आली, तिने एक चौकट बटाट्याच्या धिरड्यासारखी पालथी घातली आणि ती उजवी झाली. अजूनही मला हे नीट कळलेलं नाही.

मग फासळ्या. त्यांना चरबी लागलेली, त्यामुळे गोंद धरेना. मी त्या साबणाने धुतल्या आणि चुलीवरच्या कट्ट्यावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, त्यावर वाळत घातल्या. सकाळी कागदही नाही, फासळ्याही नाहीत. मी मांजरावर संशय घेतला, शेजारच्या बोहुमिलवर घेतला, त्याच्याशी बोलणंही टाकलं. ते बाल्साचं हलकंफूल लाकूड दादाने ब्रनोच्या दुकानदाराला दोन वर्षं मस्का लावून मिळवलेलं. आता कुठून आणू? दादाला कसं तोंड दाखवू? मला फार भीती वाटतेय, वहिनी.

तुमचा,
लुबोर

ता. क. यार्मिलाने सोमवारी तुमच्याकडे वाळलेल्या अळंब्यांची बरणी धाडली, ती कृपा करून उघडू नका. तिने आत्ता सांगितलं, अळंब्या त्याच वर्तमानपत्रावर वाळत होत्या आणि तिने चष्मा न लावता सगळंच गोळा केलं. बाल्साची फासळी आणि अळंबीची चकती, रंग एकच.

पुन्हा ता. क. आत्ता दादाचा फोन आला. "लुब्या, कालचं सूप फर्मास होतं, पण माझ्या वाडग्यात सात नंबर आलाय. बाकीचे कुठे आहेत?" मी माफी मागू लागलो. तो मात्र खोकला येईपर्यंत हसत होता. आजारपणानंतर त्याला असं हसताना मी प्रथमच ऐकलं. म्हणाला, "चौकटी घेऊन ये. नव्या फासळ्या कापू. हात माझा हलतो, तो तू धर. तुझं डोकं हलतं, त्याचं रविवारनंतर बघू." बाल्साची एक फळी म्हणे त्याने कपाटामागे लपवलीय, तुम्ही सरपणात घालाल म्हणून.

तेव्हा वहिनी, एवढीच विनंती: या शनिवारच्या साफसफाईत कपाटामागे झाडू घालू नका. आणि सूप उरलं असेल तर गाळून ठेवा. तीन आणि पाच नंबर निघाले तर तेवढंच काम वाचेल.