तीन मडमा आणि हरणाबाई

८ एप्रिल १९४६, सोमवार.
नातू हंबीर पलटणीतून सुट्टीवर आलाय. ही कोरी डायरी त्यानंच दिली. म्हणाला, आजे, वरडण्यापरीस यात लिव्ह. लिहिते. वरडणंही चालू आहे.
इटलीहून आणलेला फोनो आणि मडमांच्या गाण्याच्या तीन तबकड्या तो पुढच्या सोमवारी साताऱ्याला मेसमध्ये देऊन टाकणार. म्हणे, घरात तुझ्याबिगर ऐकतंय कोण? आणखी एक ऐकणारं दाखव, ठेवतो. म्हटलं, दहा दाखवते. मला स्वतःला काडीची आवड नाही. यंत्र गंजू नये म्हणून लावते.

९ एप्रिल, सकाळ.
शेजारची हरणाबाई धरली. दोन दिवसांत तयार होईल. नवख्या माणसाला कोणती मडम आधी ऐकवावी, हे कडेगावात फक्त मला कळतं. या गाण्याला जाझ म्हणतात. पहिली तबकडी कवळ्या पोरीची. दळताना लावावी, हात भराभर चालतो. दुसरी दोन लेकरांची आई, ती भाकरी थापताना. तिसरी विधवा. माझ्यासारखीच, पण रडकी. आवाज रांजणातून आल्यासारखा. ती शेवटी, काम उरकून.
फोनोला चावी तिघींना मिळून एकदाच द्यायची. जास्त पिळलं की स्प्रिंग तुटते. कोणी शिकवलं नाही, मला आपोआप कळलं.

दुपार.
पोरगी ऐकवली. हरणाबाई म्हणाली, आक्का, हिला इचू चावला का काय? नवखी आहे. चालायचंच.

१० एप्रिल.
आई ऐकवली. म्हणाली, बरी हाय, पर हिला कुणीतरी जेवाय वाढा. आजपासून हरणाबाईशी बोलणं बंद.

११ एप्रिल.
बोलले. विरजण हवं होतं.

१३ एप्रिल, शनिवार.
विधवा लावली. हरणाबाईचा शेंगा फोडता फोडता हात थांबला. म्हणाली, आक्का, हिचं दुख लय खोल हाय. पुना लावा. जिंकले. पुन्हा लावली नाही. चावीचा नियम म्हणजे नियम.

१४ एप्रिल, रविवार.
हरणाबाई नवं लुगडं नेसून आली. पोरगी नगं, आई नगं, थेट विधवा लावा म्हणाली. हंबीरनं मला बाजूला सारून फोनोला पोटभर चावी दिली. विधवा टणाटण उड्या मारत गायली. हरणाबाई म्हणाली, आवं, ही तर तुमची पोरगीच की.
हंबीरनं तबकड्यांवरचं इंग्रजी वाचलं. तिन्हींवर एकाच मडमेचं नाव. आजे, चावी उतरली की आवाज बसतो गं, म्हणाला आणि हसत हसत ओसरीवर आडवा झाला. मला पहिल्यापासून संशय होताच.
हरणाबाई हसली नाही. म्हणाली, मला बसक्या आवाजाचीच पायजे, चावी कमी द्या. हंबीर म्हणाला, ऐकणारी घावली.

संध्याकाळ.
फोनो गावातच राहिला. हरणाबाईच्या घरी. हंबीर म्हणाला, आजे, तुला काडीची आवड न्हाई, आठवडाभर तूच सांगत हुतीस.
उद्या सकाळी तिच्याकडे जाते. यंत्र गंजू नये म्हणून.