न वाचलेला जबाब

वकीलसाहेब,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. मी आता औरंगाबादला कायदा शिकवतो, आणि दर वर्षी एक तास मला नकोसा होतो. युरोपातली आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयं काही तत्त्वं सगळ्या देशांची म्हणून मानतात, त्यांचा तो तास. ऐकून घेतल्याशिवाय कुणाला दोषी धरू नये, आरोपीला आपला खटला आपल्या भाषेत कळला पाहिजे. मुलं भराभर उतरवून घेतात. मला अंबडच्या कोर्टाबाहेरचं तुमचं बाकडं दिसतं. निजामी अंमल, कामकाज सगळं उर्दूत आणि पक्षकार मराठी. "अंगठा घ्यायच्या आधी त्याच्या बोलीत वाचून दाखवायचं. कितीबी घाई असू द्या, बिलकुल सोडायचं न्हाई," असं मी तुमचा कारकून म्हणून आलो त्या पहिल्याच दिवशी तुम्ही मला बजावलंत. युरोप तुम्हाला नकाशातही दाखवता आला नसता.

आणि ती बाई. कडेवर दोन वर्षांची मुलगी, भावकीतल्या माणसाची कडब्याची गंजी पेटवल्याचा आळ. तुम्ही दुसऱ्या खटल्यासाठी आत गेलेले, तिचा लेखी जबाब मी लिहितो आहे. "गंजी पेटली तवा मी हिरीवर व्हते. शेजारीण बी व्हती, आमी दोघी पाणी शेंदून राह्यल्तो," ती सांगते. पुढे दोर, फुटलेली घागर, कुणाचा तरी बैल. मला तो पसारा वाटला. माझ्या उर्दूची तुम्ही चारचौघांत तारीफ करायचात आणि त्या कौतुकानं मी चांगलाच फुगलो होतो. दहा ओळींत जबाब बसवला, अगदी घोटीव. त्यात शेजारीण मावली नाही. इतक्यात शिपायानं पुकारा केला. मी कागद पुढे सरकवून अंगठा घेतला.

आत तिनं शेजारणीला बोलवा म्हटलं, तेव्हा हाकिमांनी तो कागद वर धरला. जबाबात अशी कुणी बाई नाही, आता कुठून आणली? साक्ष घेतलीच नाही. बाहेर येऊन तुम्ही मला विचारलंत, "वाचून दाखवलं व्हतं ना बराबर?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली आत जाऊन जबाब दुरुस्तीचा अर्ज दिला असता, हे मला तेव्हाही कळत होतं. मग तुम्ही तिला विचारलंत. तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, संपलो. ती म्हणाली, "दाखवलं आसंल, साहेब. मलाच उमजलं न्हाई." सहा महिने सक्तमजुरी झाली. मुलगी तिच्याबरोबरच तुरुंगात गेली. तुम्ही मात्र तिच्यावरच चिडलात, वकिलापासून लपवलं की असंच होतं म्हणालात, आणि मी मान खाली घालून टाक पुसत राहिलो. त्या दिवसापासून मला स्वतःची शिसारी येते. तरी तुम्ही होतात तोवर मी गप्पच राहिलो.

काल वर्गात मी हा खटला पहिल्यांदाच सांगितला. एका मुलीनं विचारलं, "सर, जबाब वाचून न दाखवणारा होता कोण?" सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. आता सांगूनच टाकायचं, असं ठरवून मी तोंड उघडलं. हे पत्र कुठे टाकायचं नाही म्हणूनच लिहिण्याचा धीर होतो आहे. वकीलसाहेब, मी तुमचं नाव सांगितलं.