दिवे बंद, मोटार चालू

शनिवार, संध्याकाळ

शाळेत सांगितलं म्हणून लेकीनं आज घरातले सगळे दिवे तासभर बंद करायला लावले. पृथ्वीसाठी म्हणे. आमी तिघं ओसरीवर अंधारात बसलो. तेवढ्यात घरामागच्या मळ्यातली मोटार सुरू झाली. ऑटोवरच असते ती, शेतातली लाईट आली की आपोआप चालू. पण उसात कालचंच पाणी उभं आहे! मी ह्यांना म्हणलं, "बंद करून या की."

"राहू दे. परत लाईट कधी येती काय माहीत?"

तेही खरंच. पण मग आमचे चार बल्ब कशासाठी बंद? दूध बघायला मी स्वयंपाकघरातला दिवा लावला, तर हेच ओरडले, "विझव तो! पोरीचा तास व्हायचाय अजून."

विझवला. आता तास संपलाय, दिवे लागलेत. मोटार अजून चालूच आहे.