पेल्याची व्युत्पत्ती

मालवण, ३ फेब्रुवारी १९५८
सात महिने वहीला तोंड दाखवलं नाही, क्षमस्व. कारणं लिहीत बसलो तर त्यातच वही संपेल. आजपासून नियमित. शाळेच्या वार्षिकासाठी लेख अंगावर घेतला आहे: 'पेला' हा शब्द. मूळ निःसंशय संस्कृत. 'पा' म्हणजे पिणे. आठवड्यात पुरा.

५ फेब्रुवारी
सौ. म्हणते, बाबांनाच विचारा, तीस वर्षं गलबतावर तांडेल होते, बंदरं फिरले. सूचना चांगली. पण बाबांना अक्षरओळख नाही. शिवाय मी त्यांचं गलबत विकलं तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, आमचं बोलणं नाही. सकाळी ओटीवर समोरासमोर चहा घेतो. मी कपात, ते आपल्या पितळी पेल्यात. जिथे बाबा तिथे तो पेला. एवढा सहवास पुरे आहे.

९ फेब्रुवारी
पुण्याहून कोश मागवला. उद्या बाबांनाही विचारीन. केवळ पुरावा म्हणून.

१० फेब्रुवारी
विचारलं नाही. ते दोर वळत होते. व्यत्यय नको.

१४ फेब्रुवारी
विचारलं नाही. खोकला (मला). सौ. म्हणाली, पेलो खंयसून इलो ता मागसून शोधा, आदी बाबांक चाय नेवन दिया. तिच्याच हाती पाठवला.
गलबत विकताना ज्यांना विचारलं नाही, त्यांना पेल्याबद्दल कोणत्या तोंडानं विचारायचं? हा प्रश्न भाषाशास्त्रात बसत नाही. वाक्य खोडावं.

२१ फेब्रुवारी
कोश आला. मूळ फारसी, पियाला. संस्कृत गेलं. डोकं दुखतं.
पोस्टमन बाबली ओटीवर रेंगाळला, पार्सलात काय म्हणून चौकशी करू लागला. बाबांना लेखाचं सौ.कडून कळलेलं दिसतं; त्यांचं उत्तर खिडकीतून ऐकलं. थय इराणात, बंदर अब्बासाक, चायवालो 'पियाला, पियाला' करून गळो फाडी. ह्यो पेलो मी थयसूनच हाडलो. वर म्हणाले, झील इतको शिकलो, पण घरात बापूस आसा ह्या तेच्या खंयच्याच बुकात नाय.
पहिल्या भागाचं टाचण केलं. कोशाला साक्षीदार मिळाला, लेख भक्कम. उद्या बाबांशी नक्की बोलेन.

२४ फेब्रुवारी
शाळेतून आलो तर ओटी रिकामी. माझी थोरली बहीण अक्का आचऱ्याहून येऊन बाबांना आपल्या घरी घेऊन गेली. किती दिवसांसाठी, असं सौ.ला विचारलं. ती म्हणाली, पेलो घेवन गेले.
लेख पुरा आहे. पाठवावासा वाटत नाही.

उद्या: आचऱ्याला जाणे. टाचणवही न नेता.